घरच्या माणसाच्या पेशी

सासूबाई रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायच्या, "आज किती वाढलं गं?"

सून डोळ्यांच्या इस्पितळात प्रयोगशाळेत काम करायची. धाकटा दीर प्लंबर. तुंबलेली मोरी मोकळी करताना त्यात टाकलेल्या दाहक पावडरचं पाणी उसळलं आणि त्याचा डावा डोळा भाजला. बुबुळावर पांढरी साय आली. म्हणून उजव्या, धडक्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा काढला होता. त्यातल्या मूळपेशी ती प्रयोगशाळेतल्या उबेच्या कपाटात, दोन काचेच्या डब्यांत वाढवत होती. त्यांचा पातळ पापुद्रा धरला की तो डाव्या डोळ्यावर बसवायचा होता.

"जमलं तर माझे गुडघेही टाक त्या कपाटात," सासूबाई म्हणायच्या. कुणीतरी दिलेली जाहिरात त्यांनी जपून ठेवली होती. गुडघे, मधुमेह, टक्कल, सगळ्यावर एकच सुई!

"आई, गुडघ्यांचं अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि टकलाचं सांगतात त्या शुद्ध थापा. डोळ्याच्या वरच्या पडद्याचं मात्र जमतं. तेही दरवेळी नाही. आतली नस गेली असेल तर काहीच उपयोग नाही."

"तू नाट लावू नकोस बाई."

प्रयोगशाळेच्या मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, घरच्या माणसाचं काम दुसऱ्या कुणाला तरी दे. हिनं ऐकलं नाही. भावजींचा डोळा परक्या हातात द्यायचा? छे!

तिथला नियम साधा होता. उबेचं कपाट कामाशिवाय उघडायचं नाही. उघडलं की ऊब जाते आणि हवेतलं नको ते आत शिरतं. इतरांच्या डब्यांकडे ती ठरल्या वेळेशिवाय ढुंकूनही बघायची नाही. पण या दोन डब्यांनी तिला वेड लावलं. चहाला जाताना एकदा बघायची, चहा पिऊन आल्यावर पुन्हा. डब्या बाहेर काढायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या, पेशी एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की जिवात जीव यायचा. घटकाभरात पुन्हा धाकधूक सुरू. भावजींच्या बाबतीत माया आवरणं तिला जमतच नव्हतं.

एका सकाळी डबीतलं पेशींना पोसणारं गुलाबी पाणी पिवळट, गढूळ दिसलं. तिनं भिंगातून पाहिलं. बुरशीचे तंतू. दुसऱ्या डबीतही तेच. औषध टाकून बघावं का, कुणाला कळणार आहे, असं क्षणभर मनात आलंच. पण ती बुरशी डोळ्यावर गेली तर डोळाच जाणार. ती तडक मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर म्हणाले, उजव्या डोळ्यातून आणखी एक तुकडा घेता येईल, पण या वेळी धोका जास्त. तिथल्या पेशी कमी पडल्या तर तोही डोळा धूसर होईल. थोरल्या भावाच्या डोळ्यातून घेतलं तर शरीर ते परकं मानणार, म्हणजे मागे कडक औषधं लागणार.

घरी तिनं आडपडदा ठेवला नाही, डॉक्टरांचं म्हणणंही सांगितलं. "भावजी, माझ्यामुळे गेलं. सारखी उघडून बघत राहिले."

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"उजव्यातून परत घ्या," दीर म्हणाला. "दादाला नको यात ओढायला. पण वाढवणार कोण?"

"दुसरी मुलगी आहे. मी त्या खोलीत पाऊलही टाकणार नाही."

"बरं झालं," तो पटकन म्हणाला. मग त्यालाच कसंतरी झालं. "म्हणजे, तसं नाही वहिनी…"

"तसंच आहे, भावजी." तिला ते फार लागलं, आणि पटलंही.

दुसरा तुकडा काढला त्या दुपारी त्याच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डाव्याला तसंही दिसत नव्हतं. खाटेच्या कडेवर बसून तो हवेत हात चाचपत होता. तिनं तो हात धरला. ज्या हातानं तो गंजलेले नळ सहज फिरवायचा, तोच हा हात.

"वहिनी, तुला कळतं यातलं. हा उजवा डोळा तरी राहील ना?"

खोटं बोलणं किती सोपं होतं! सगळं छान होईल, एवढंच म्हणायचं होतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

त्याचा चेहरा पडला. तरी त्यानं तिचा हात सोडला नाही, उलट दुसऱ्या हातानंही तो घट्ट धरला.