नानांचं बटण

आमच्या मालकांनी लग्न झाल्यापासून हाताने पाणी घेतलं नाय. माठ उशाशी असला तरी हाक मारणार, अन् मी येडी शेतातून पळत यायची. चांदवडात सगळे त्यांना हिरामण नाना म्हणतात, लय मान. पण सुई दिसली की नाना पलंगाखाली.

दोन हजार आठ साली त्यांच्या पित्ताशयाचं ऑपरेशन नाशकात झालं. सुईची बोंब ऐकून डॉक्टरांनी दंडाला एक नवंच डबडं चिकटवलं. बटण दाबलं की दुखण्यावरचं औषध कातडीतून आत, सुई नाय, काय नाय. तृप्ती सिस्टरनी बजावलं, बटण फक्त पेशंटनेच दाबायचं. दुखणं उतरलं की खोकायचं, चालायचं, नायतर कफ साचून न्यूमोनिया होईल.

झालं! मालक कण्हत पडले, पण हात काय उचलेनात. मला म्हणतात, तू दाब. मी नाय म्हटलं तर तोंड भिंतीकडे. दुखतं म्हणून खोकला गिळायचे. दुपारी छाती घरघरायला लागली. माझा जीव टांगणीला अन् ह्यांचा रुसवा चालूच.

शेवटी मला राहवेना. मी हात पुढं केला, तर सिस्टरनी मनगटच धरलं. म्हणाल्या, औषध पुरेसं झालं की पेशंटला गुंगी येते, त्याचा हात आपोआप थांबतो. दुसरं कुणी दाबत राहिलं तर झोपेतच श्वास बंद पडेल.

म्हणजे माझ्या सेवेनंच माणूस गेला असता! भीती वाटली अन् मग संताप आला. दोन्ही हात पदराखाली घेऊन मी समोर बसले.

"दुखतंय तुम्हाला. किती दुखतंय ते मला काय कळणार? पण तुम्ही गेलात तर मी कुणाच्या नावाने बोटं मोडू?"

मालकांचा दुसरा हात हळूहळू दंडाकडे गेला. डबडं टूं करून वाजलं. संध्याकाळी पोटाशी उशी धरून खोकले, भिंत धरून चालले, अन् भेटायला येईल त्याला सांगत सुटले की बटण मी स्वतः दाबतो. जसं काय विहीर खणली.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी हाक आली, "मैना, पाणी." माझी कंबर धरली होती, मी उठले नाय. थोड्या वेळानं मालक तांब्या घेऊन माझ्यासमोर, अर्धं पाणी धोतरावर.

"तुला कुठं दुखतंय का गं?"

कधी म्हणून विचारलं नव्हतं. मी डोळे पुसले, पाणी प्यायले, त्यांना शेजारी बसवलं अन् माझी दुखणी सांगायला गुडघ्यांपासून सुरुवात केली.