होस्टेलात चालेल असं युकुलेले

मुग्धा लातूरला कोचिंगला जायला एकाच अटीवर तयार झाली: सोबत युकुलेले हवं. होस्टेलात वाद्यांना बंदी होती. म्हणून मी नांदेडातल्या तंबोरे बनवणाऱ्या व्यंकटरावांकडे गेलो. त्र्याण्णवच्या भूकंपात पडलेल्या आमच्या औशाच्या घराचं सागवानी दार सोबत नेलं.

"शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये, असं बनवा."

"सर, राखणीला न भुंकणारं कुत्रं मागून राहिले तुम्ही," ते म्हणाले. पण लाकूड जाड ठेवून, भोक बारीक पाडून बनवून दिलं.

मुग्धानं युकुलेलेला कान लावून तार छेडली.

"येतंय का ऐकू?" मी विचारलं.

"थोडं येतंय, बाबा!" ती हरखून म्हणाली.

मी उसासा टाकून व्यंकटरावांना फोन लावला. लाकूड अजून जाड करता येईल का, ते विचारायला.