अधिकार कोणी दिला

राखीचं लग्न झालंच नव्हतं, असं तिचा नवरा संघर्ष याच्या वकिलाने तिने लावलेल्या खावटीच्या, म्हणजे पोटगीच्या केसमध्ये लिहून दिलं. चार वर्षं ती त्याच्या घरात भांडी घासत होती, त्याचं पोर तिच्या कडेवर होतं, आणि म्हणे लग्न झालं नव्हतं! कारण काय, तर लग्न लावणारा माणूस अधिकृत नव्हता.

लावणारा म्हणजे निवृत्ती पगारे. सातपूरला कारखान्यात फिटर, आणि आमच्या बौद्ध वस्तीत वीस वर्षं लग्नं, नामकरणं, अंत्यविधी करणारा. कुणाकडून चहासुद्धा घेत नसे. आवाज असा, की माईक लागू नये. "आपल्यात मधला माणूस नाय," असं प्रत्येक मांडवात सांगायचा. "ज्याला त्रिसरण म्हणता येतं, तो लग्न लावील. धर्म बदलला तो काय पुन्हा कुणाच्या पाया पडायला?" लोक टाळ्या वाजवायचे. राखीच्या लग्नात संघर्षच्या बापाने तर शिट्टी मारली होती.

आता तोच बाप म्हणत होता, कसलं लग्न? जेवणाचा कार्यक्रम होता. मांडवातलं एक माणूस साक्षीला यायला तयार नव्हतं.

राखीची वकील ज्योत्स्नाताई वैतागून म्हणाली, "चर्चमध्ये लागलं असतं तर फादरचं रजिस्टर असतं. काझी असता तर निकाहनामा. तुमच्याकडे काय आहे?"

"आणि भटजी?" निवृत्तीने विचारलं. "त्याला कोण म्हणतं, तुझं सर्टिफिकेट दाखव?"

"कोणीच नाही म्हणत. पण तुम्हाला विचारलंय."

मग ज्या समितीला निवृत्तीने जन्मभर शिव्या घातल्या, तिच्याच दारात तो राखीला घेऊन गेला. ही समिती शिबिर घेते, ओळखपत्र देते, मगच माणूस लग्न लावायला लायक ठरतो. भटांची उतरंड फोडली आम्ही, आणि त्याच खापरांची आपली रचली. गावशाखा, तालुका, जिल्हा. प्रत्येक पायरीवर एक खुर्ची, आणि खुर्चीत एक गोटीराम.

"निवृत्तीभाऊ, काय म्हणाला होतात तुम्ही? गोटीरामचा शिक्का माझ्या चपलेखाली?" जिल्ह्याच्या खुर्चीतल्या गोटीरामने विचारलं.

"म्हणालो होतो. चुकलं. पोरीसाठी लिहून द्या, की मला अधिकार होता."

"कसं देणार? संघर्षचं दुसरं लग्न मागच्या महिन्यात येवल्याला आम्हीच लावलं. शिक्क्यासकट. तुमचं खरं मानलं तर आमचं खोटं पडतं."

राखी उठून उभी राहिली. "म्हणजे मी आहे, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"बाई, आमच्या दप्तरात तुझं लग्नच नाही."

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात पोराला बाजूला उभं करून तिने निवृत्तीचा हात धरला. "काका, खोटं बोला. लग्न लावा असं समितीनं तोंडी सांगितलं होतं म्हणा. एवढंच. पाया पडते."

त्याने होकाराची मान हलवली.

तो पिंजऱ्यात उभा राहिल्यावर संघर्षच्या वकिलाने विचारलं, "लग्न लावायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मागच्या बाकावर गोटीराम पायावर पाय टाकून बसला होता. समिती हा शब्द निवृत्तीच्या ओठापर्यंत आला आणि तिथेच अडला.

"ह्या दोघांनी," तो म्हणाला. "राखीनं आणि ह्या संघर्षनं. घरी येऊन म्हणाले, काका, तुम्हीच लावा. आमच्यात याच्यापेक्षा मोठा अधिकार नसतो."

मागे कोणीतरी हसलं. जज्जसाहेबांनी टायपिस्टला मजकूर सांगितला, "कोणत्याही संस्थेने अधिकार दिलेला नव्हता, असे साक्षीदार कबूल करतो."

टकटक झाली आणि थांबली.

"झालं भाषण?" बाहेर आल्यावर राखी म्हणाली. "एकदा वाकायला सांगितलं होतं. एकदा. आता शाळेत ह्या पोराच्या बापाचं नाव काय लावू? तुमचं लावू?"

निवृत्ती भिंतीला टेकला. जिन्यावरून गोटीराम उतरला, पान थुंकला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बसा आता शिबिराला, भाऊ. एवढा आवाज वाया जायला नको."

निवृत्तीने तो हात खांद्यावर राहू दिला. मग म्हणाला, "कधी आहे शिबिर?"

राखीने पोराला उचललं. "आता कशाला?" म्हणाली, आणि त्याच्यासाठी न थांबता बसस्टँडकडे चालू लागली.