आधी खुशाली, मग काम

एकाहत्तर सालच्या गळीत हंगामात आमच्या राहात्याकडच्या साखर कारखान्यात खात्याखात्यांत बोलायचे फोन आले, आणि ते जोडून द्यायला बोर्डावर मी बसलो. नोकरी तात्पुरती. साहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं, की हंगाम संपेपर्यंत लोक फोनवर बोलले नाहीत तर बोर्ड जाईल आणि गोरक्षनाथ, तूही जाशील.

लोक काही बोलेनात. वजनकाट्यावरचा सहादेव अख्खा कारखाना ओलांडून माझ्या खोलीत यायचा, ऐसपैस बसायचा, माझा चहा प्यायचा आणि सांगायचा, उसाच्या गाड्या खोळंबल्यात, तेवढं मिलमधल्या पुंजारामला फोनवर कळव. त्याचं बघून बाकीचेही येऊ लागले. फोन असाच वापरायचा असतो, अशी त्यांची पक्की समजूत. खोलीची पार चावडी झाली. काय गप्पा रंगायच्या! मी वरून वैतागायचो, आतून सुखावायचो, पण नोकरीची धास्ती मात्र सुटत नव्हती.

शेवटी सहादेवला खोदून विचारलं, काट्यावरच्या फोनवरून स्वतः का बोलत नाहीस? तो म्हणाला, "समोर मानूस न्हाई, त्याची खुशाली इचारायची न्हाई, अन एकदम कामाचंच बोलायचं? लई उद्धटपना वाटतो, गड्या."

फोनवर फक्त कामाचं बोला, असा साहेबांचा हुकूम होता. मी तो गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी मीच काट्यावर फोन लावला, सहादेवला पुंजारामशी जोडलं आणि म्हटलं, आधी त्याच्या गाईची चौकशी कर. गाय नुकतीच व्यालेली. मग काय, कालवड झाली, खरवस झाला, पुंजारामच्या आईचे गुडघे झाले आणि सरतेशेवटी गाड्या. आठवडाभरात सगळी खाती एकमेकांची खुशाली विचारू लागली. मिल अडली की काट्याला लगेच कळायचं, त्यामुळे साहेबही गप्प बसले.

हंगाम संपता संपता मला कायम केल्याचा हुकूम हातात पडला. आनंदाने सांगायला वळलो, तर खोलीत कुणी नव्हतं. कितीतरी दिवसांत कुणी आलंच नव्हतं. दिवसभर सगळ्यांचे आवाज कानाशी, आणि समोरचं बाकडं रिकामं. फार एकटं वाटलं. ही बातमी फोनवर सांगायची नाही, असं ठरवून बोर्डावर दुसऱ्याला बसवलं आणि भर उन्हात चालत काट्यावर गेलो.

मला दारात बघून सहादेव दचकून उठला.

"काय झालं रं? फोन बंद पडला का?"