झोक्यावर आलेले शब्द

मित्रांनो, तुमच्याशी बोलतो आहे तो मी एक जुना सागवानी पाळणा आहे. हुबळीच्या कमरीपेठेतल्या विठ्ठल मेस्त्रींनी मला घडवले. माझ्या प्रत्येक दांडीवरून ते पुन्हा पुन्हा तळहात फिरवत. बाळाच्या गालाला कुसळ लागता कामा नये, एवढेच त्यांच्या मनात असे.

सन १९९४ च्या उन्हाळ्यात जुन्या हुबळीतल्या जयतीर्थांनी मला घरी नेले आणि मधल्या खोलीत तुळईला टांगले. त्यांना मुलगी झाली होती. नाव ठेवले वेदश्री.

जयतीर्थ तारिहाळच्या कारखान्यात लेथवर काम करत. स्वभावाने गोड माणूस, पण लहानपणापासून बोलताना अडखळत. पहिले अक्षर तोंडात अडकले की मान ताठ होई, डोळे मिटत आणि समोरचा माणूस घाईने वाक्य पुरे करून टाकी. म्हणून ते फार बोलतच नसत. दुकानात वस्तूकडे बोट दाखवत.

बारशाला त्यांच्या आत्या, गोदाक्का, धारवाडहून आल्या होत्या. पाहुणे गेल्यावर त्या जयतीर्थांना हळूच म्हणाल्या, "जया, राग मानू नको रे. पोर कानानं शिकतं. तुझं अडखळणं हिनं उचललं तर? तू आपला हिच्यासमोर कमीच बोल."

त्यांनी ते मायेनेच सांगितले होते. जयतीर्थांनी नुसती मान हलवली. त्या दिवसापासून ते लेकीला खेळवत, आंघोळ घालत, खांद्यावर घेऊन फिरवत, पण सगळे मुक्याने. मला फार वाईट वाटे. बाळ त्यांच्या ओठांकडे टक लावून पाही आणि ओठ हलत नसत.

पुढे त्यांची पत्नी अश्विनी दुपारच्या शाळेवर शिकवायला जाऊ लागली. जयतीर्थांची पाळी सकाळची. ते येईपर्यंत शेजारच्या हेमावतीअक्का वेदाला सांभाळत आणि "मलगु कंदा, मलगु," म्हणजे नीज बाळा, नीज, असे कानडीत म्हणत मला झोका देत.

एका दुपारी अक्का घरी गेल्या आणि वेदा रडू लागली. दूध झाले, कडेवर घेऊन झाले, रडणे थांबेना. जयतीर्थांनी तिला माझ्यात निजवले आणि साखळी ओढली. मी पुढे गेलो, मागे आलो. माझी कडी दर झोक्याला एकदा कुरकुरे. त्या कुरकुरीवर त्यांच्या नकळत त्यांच्या तोंडून शब्द आला, "आलो."

पुढच्या झोक्याला, "मी आलो."

मग, "बस मिळाली. ऊन लागलं. भाकरी खाल्ली. वेदा रडली."

एकही अक्षर अडकले नाही. जयतीर्थ दचकून थांबले. मीही थांबलो. वेदा मात्र रडायची विसरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी पुन्हा साखळी ओढली.

त्यानंतर रोज दुपारी ते "आलो" म्हणतच घरात शिरत आणि आमच्या खोलीत गप्पा चालत. लेथवरच्या लोखंडाची, बसमधल्या गर्दीची, डब्यातल्या चटणीची हकीकत बाप लेकीला झोक्याच्या ठेक्यावर सांगे. मित्रांनो, तान्ह्या बाळाला शब्द कळत नाहीत. एक शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, हेही त्याला ठाऊक नसते. बोलणे त्याला पाण्यासारखे सलग ऐकू येते. पण आवाज कुठे चढला, कुठे उतरला, कुठे क्षणभर थांबला, हे ते आईच्या पोटात असल्यापासून ऐकत असते. त्या चढउतारांना धरूनच पुढे शब्द सुटे होतात. वेदाचे हुंकार बदलताना मी पाहिले आहेत. अक्कांबरोबर ती कानडी हेल काढी आणि बापाबरोबर त्याचा ठेका धरी.

वेदाच्या पहिल्या वाढदिवसाला गोदाक्का पुन्हा आल्या. वेदा माझ्यात बसून बडबडत होती, "दा-दा-डा. दा-दा-डा."

गोदाक्कांचा चेहरा उतरला. "एकच अक्षर पुन्हा पुन्हा म्हणते ही. अडखळते की काय?"

जयतीर्थांचा हात साखळीवरून खाली आला. ते दाराकडे वळले. त्यांना आता कोणाला तोंड दाखवू नये असे झाले असावे.

"थांबा हो," अश्विनी त्यांना म्हणाली. "गोदाक्का, सगळीच बाळं असं बोलतात. पण हिचा ठेका ऐका. हा ह्यांचा आहे. एकदा शाळा लवकर सुटली तेव्हा दारात उभं राहून मी ऐकलंय. दिवसभराचं सगळं सांगतात हे तिला."

झोका थांबलेला आणि बाप पाठमोरा. वेदाने माझी दांडी धरली, त्याच्या पाठीकडे पाहिले आणि नेमक्या त्याच्याच सुरात हाक मारली, "आओ."

"काय म्हणाली ही?" गोदाक्कांनी विचारले.

"आ... आ... आलो," जयतीर्थ वळून म्हणाले. सगळ्यांसमोर ते अडखळले, पण या वेळी डोळे मिटले नाहीत. "मी घ... घरात शिरताना म्हणतो ते."

तिचा तो पहिला शब्द. गोदाक्कांनी डोळ्यांना पदर लावला. "मी तुला भलतंच सांगितलं रे जया. तू बोल. मला ऐकायचंय."

नंतर वेदा मराठीही बोलू लागली आणि कानडीही, दोन्ही खणखणीत. जयतीर्थ अजूनही अडखळतात, पण आता त्यांचे वाक्य दुसरे कोणी पुरे केलेले त्यांना चालत नाही.

मी पुढे हेमावतीअक्कांच्या नातवंडांना जोजवले. मग काही वर्षे धूळ खात पडलो. आता २००७ साली मला पुसून, तेल देऊन जयतीर्थांच्याच घराच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या बिऱ्हाडात टांगले आहे. इथले बाबा फार कामात असतात. एका हाताने झोका देतात, दुसऱ्या हातात मोबाइल. बाळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहते.

मित्रांनो, मी लाकडाचा आहे. मला फक्त हलता येते. तुमच्या घरी तान्हे बाळ असेल तर त्याच्याजवळ बसा आणि दिवसभरात काय घडले ते त्याला सांगा. गाता येत नसेल, शब्द चुकत असतील, जीभ अडत असेल, तरी सांगा. ते तुमची वाट बघत जागे आहे.