भुरीच्या नाकावरची जखम

माझा राग नाकावर असतो, असं सगळे म्हणतात. असू दे. पण त्या सोमवारी सकाळी भुरीच्या नाकावर जे दिसलं, ते पाहून एखादी गोगलगायसुद्धा भडकली असती. नाकाच्या हाडावर आडवा, दोन बोटं रुंद पट्टा, केस गेलेले, कातडी लाल आणि ओली. हनुवटीखाली तसाच एक, रुपयाएवढा. दोन दिवस मी पाठदुखीनं घरात पडून होते, तेवढ्यात हे झालं.

आमचा तबेला लहान. नऊ घोडे, आणि त्यातला एकही आमचा नाही. लोक आपले घोडे आमच्याकडे ठेवतात. दाणा-पाणी, खरारा, चरायला सोडणं सगळं मी आणि बाबा बघतो. भुरी दाताच्या डॉक्टरीणबाईंची. घोडी गोड, पण खादाड. नुसता वारा खाऊनही जाड होणारी जात. गेल्या वर्षी कोवळ्या गवतावर तुटून पडली आणि तिच्या खुरांना आतून सूज आली. बावीस दिवस आम्ही तिचे पाय गार पाण्यात ठेवून तिच्याजवळ उभे होतो. जनावरांचे डॉक्टर जाताना म्हणाले होते, पुन्हा असं झालं तर मला औषधं द्यायला बोलावू नका, शेवटचं इंजेक्शन द्यायलाच बोलवा.

तेव्हापासून कुरणात जाताना भुरीच्या तोंडाला मुसकं. रबराची टोपली, खाली एक भोक, त्यातून चार-दोन पात्या तोंडात येतात. घोडी दिवसभर इतरांबरोबर फिरते, पण पोट फुगेस्तोवर खाऊ शकत नाही. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून हळहळतात. मुसकं दिसायला क्रूर दिसतं खरं. हवं तेवढं गवत खाऊ देणं त्याहून क्रूर, पण ते दिसायला फार छान दिसतं.

आता दिवसभर रबर आणि पट्टा कातडीवर घासणार म्हटल्यावर जखम होणारच, असं ज्याला वाटतं त्यानं घोडा पाळू नये, मासा पाळावा. काळजी घेतली तर काही होत नाही. पट्ट्याच्या आत मेंढीच्या लोकरीचं अस्तर लावायचं. ते रोज काढून झटकायचं, धुवायचं, कडक वाळवायचं. घोडीचं तोंड पुसायचं, कारण घाम आणि धूळ मिळून सँडपेपरचं काम करतात. पट्टा आणि नाक यांत दोन बोटं सहज जायला हवीत. त्याहून घट्ट असेल तर काचतो, सैल असेल तर हलून हलून सोलतो. हे सगळं मला बाबांनी शिकवलं, आणि या कामात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. मुसकं बांधायचं काम म्हणूनच त्यांचं. भुरी जन्मली तेव्हा तिला आईच्या पोटातून ओढून काढणारेही तेच.

बाबा अस्तर कधी बघून तपासत नसत. तोंड फाटकाकडे, गप्पा चालू, आणि हात अस्तरावरून फिरतोय. "डोळे फसवतात, बोटं फसवत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मी लहान असताना माझ्या डोळ्यांवर फडकं बांधून ते मला लोकरीत लपवलेलं गवताचं कुसळ शोधायला लावायचे. मला ते सापडायला वेळ लागायचा. त्यांना कधीच लागला नाही.

म्हणून जखम दिसली तेव्हा दोष कोणाचा हा प्रश्न मला पडला, पण त्यात बाबांचं नाव नव्हतंच. सूर्य पश्चिमेला उगवला असं कोणी म्हटलं असतं तर मी एकवेळ बाहेर जाऊन बघितलं असतं.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. दिवसभर लोकांचे दात उपटणाऱ्या बाईला आपल्या घोडीचं रक्त बघवेना. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्या माणसांशी बोलता येतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या की त्यांच्या दिरांच्या शेतावर मोठं मोकळं कुरण आहे, तिथे मुसकं-बिसकं काही नाही. शनिवारपर्यंत त्या वाट बघतील. जखम का झाली हे कळलं नाही, तर घोडी हलवणार. मी त्यांना खुरांची आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, निसर्गात सगळं आपोआप ठीक होतं. मी मनात म्हटलं, मग तुमचा दवाखाना कशाला आहे बाई. मनात म्हटलं असं मला वाटलं होतं. बाबांनी नंतर सांगितलं की मी मोठ्यानं म्हणाले होते.

मंगळवारी सकाळी मी अस्तर घेऊन खोगीरवाल्याच्या दुकानात गेले. खोगीरवाला बाबांचा जुना मित्र, मी त्याला काका म्हणते. मुसक्याचं अस्तर तोच शिवतो. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, आणि त्या तिघांनाही कळेल अशा आवाजात मी त्याला विचारलं की मेंढीची लोकर म्हणून तो हल्ली काय विकतो, घासणी? टाके आतल्या बाजूला कोण घेतं? चाळीस वर्षं सुई धरून एवढं कळत नाही? टाके खरोखर कुठे आहेत हे मी बघितलंही नव्हतं. काका काही बोलला नाही. त्यानं अस्तर उलटंसुलटं केलं, खिडकीपाशी नेऊन बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि कपाटातून दोन नवी अस्तरं काढून माझ्या हातात दिली. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ मी गुन्हा कबूल असा घेतला. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

नवी अस्तरं लावली. जखमेला मलम, भोवती व्हॅसलिन. दुपारी भुरीला गवत नसलेल्या मातीच्या आवारात मुसक्याशिवाय मोकळं ठेवलं, म्हणजे कातडीला तेवढीच विश्रांती. जुनं एक मुसकं पडलं होतं, ते घासून काढलं आणि एक दिवस हे, एक दिवस ते असं चालू केलं. त्याचा पट्टा थोडा वेगळ्या जागी बसतो. माणूस आणखी काय करणार? बुधवारी संध्याकाळी मुसकं काढलं तर जखम पुन्हा ताजी, आणि शेजारी नवे चार ओरखडे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रबर बनवणाऱ्यांना शिव्या दिल्या, धुळीला दिल्या, भुरीलासुद्धा दिल्या की ती कुंपणावर तोंड घासत असणार. बाबा शेजारी उभे राहून मान हलवत होते. "रबरच खराब आलंय," असं ते म्हणाले. हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस विसरले नाही.

गुरुवारी सकाळी मी ठरवलं की आज भुरीवरून नजर काढायची नाही. बाबांनी दोरीवरून अस्तर घेतलं. तोंड फाटकाकडे, गप्पा चालू: पाणी कमी दाबानं येतंय, नालवाल्याला निरोप द्यायला हवा. हात अस्तरावरून एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला. मग त्यांनी पट्टा बांधला, आत दोन बोटं घातली, समाधानानं मान हलवली आणि भुरीच्या कपाळावरून हात फिरवला. तिच्या भुऱ्या केसांवर एक लाल रेघ उठली. जखम नाकावर होती. कपाळावर रक्त कुठून आलं?

मी मुसकं सोडलं आणि अस्तर उलटं केलं. आत पाच-सहा कुसळं लोकरीत उभी रुतलेली. धुऊन मीच ते कुरणाशेजारच्या दोरीवर वाळत घातलेलं, कुसळं वाऱ्यानं उडून आलेली असणार. मला एक टोचलं तर मी हात झटकला. त्याच अस्तरावरून बाबांनी दोनदा हात फिरवला होता.

"बाबा, हात बघू."

"कामाचा हात आहे, त्यात काय बघायचंय," ते म्हणाले आणि पुन्हा पाण्याच्या दाबाकडे वळले. मी हात धरला. तर्जनीत एक कुसळ अजून अडकलेलं. मधल्या बोटावर भाजल्याचा फोड, कधीचा कोण जाणे. पट्ट्यात घातलेली दोन बोटं पेरापाशी दबून पांढरी झाली होती. म्हणजे पट्टा काचत होता आणि यांना तो सैल वाटला होता. ते बोलत होते, आणि मी त्यांच्या बोटाच्या टोकाला नखानं चिमटा काढला, चांगला जोरात. ते पाण्याबद्दलच बोलत राहिले.

मग मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खोटं बोललात म्हटलं. एका मुक्या जनावराच्या तोंडावर तुमचा अहंकार बांधलात म्हटलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला मी गावभर फिरले आणि मुसळ घरात होतं म्हटलं. घोडे कान मागे टाकून भिंतीला जाऊन उभे राहिले. बाबा शांतपणे ऐकत होते, पाऊस थांबेपर्यंत आडोशाला उभं राहावं तसे. मी दम घ्यायला थांबले तेव्हा त्यांनी एवढंच सांगितलं की साखरेच्या आजारानं बोटांच्या नसा गेल्या आहेत, वर्ष होत आलं, आणि हे खोगीरवाल्याला माहीत आहे.

उरलेला राग कुठे न्यायचा हे मला कळलंच. मी थेट दुकानात. यावेळी गिऱ्हाईक नव्हतं. मी काही बोलायच्या आत काकानं स्टूल पुढे सरकवलं.

"माझ्या दुकानात त्याच्या तळहातात आरी घुसली होती," काका म्हणाला. "रक्त टेबलावर आलं तेव्हा त्याला कळलं. मला म्हणाला, पोरीला सांगू नकोस."

"आणि तुम्ही ऐकलंत? घोडी मरेल, काका."

"मंगळवारी सांगणार होतो. अस्तरातली कुसळं बघताच मला कळलं होतं. पण तू आलीस ती तोंड उघडूनच. तुला कोणी काही सांगायचं तर मधे जागा कुठे असते, बाळ?"

मी स्टुलावर बसले. काका सांगत गेला की वर्षभर तो आमच्या अस्तरांचे टाके मुद्दाम बाहेरून घेत होता, लोकर दुप्पट दाट लावत होता, म्हणजे मित्राच्या हातून काही चुकलं तरी घोडीला कमी लागावं. आणि मी त्यालाच तीन माणसांदेखत घासणी विकणारा म्हटलं होतं. मी माफी मागितली. ती मला नीट मागता येत नाही, सवय नाही.

घरी आल्यावर बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलं. ते थातूरमातूर उत्तर देतील असं वाटलं होतं.

"सांगितलं असतं, तर त्याच दिवशी तू मला तबेल्याबाहेर काढलं असतंस," बाबा म्हणाले. "आरडाओरडा करून. माझ्या भल्यासाठी."



गुरुवार आणि शुक्रवार मुसकं मीच बांधलं. अस्तर उजेडात धरून, डोळ्यांनी बघून, मग बोटांनी. बाबा मागे उभे राहून सूचना देत होते, आणि शुक्रवारी त्यांनी चष्मा लावून माझ्याआधी एक कुसळ शोधलं. डोळ्यांनी. इतकं सोपं होतं. त्यांनी बघायचं, मी चाचपायचं, काम दोघांचं. शुक्रवारी संध्याकाळी भुरीच्या नाकावर खपली धरली होती आणि नवा ओरखडा एकही नव्हता. मी ठरवून टाकलं की उद्या डॉक्टरीणबाईंना सांगायचं, चूक माझी होती, मी अस्तर वाळत घातलं ती जागा चुकली. अर्धं खरंही होतं ते.

शनिवारी त्या आल्या, सोबत दीर आणि घोडा न्यायची गाडी. म्हणजे तयारीनंच. त्यांनी खपली बघितली आणि विचारलं, कशानं झालं? मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबा पुढे आले. "मुसकं मी बांधायचो," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता कळत नाही. मी सांगितलं नाही. घोडीला झाली ती शिक्षा मी दिलेली. पण तिला मुसक्याशिवाय गवतावर सोडू नका, बाई. ती मरेल."

डॉक्टरीणबाईंनी भुरीच्या खुरांकडे बघितलं. मग दिरांना म्हणाल्या की गाडी रिकामीच न्या. मला वाटलं सुटलो. त्या माझ्याकडे वळल्या आणि त्याच हळू, नम्र आवाजात म्हणाल्या, "ठेवते तिला इथे. पण यापुढे यांनी भुरीला हात लावायचा नाही. खरारा नाही, काही नाही. तेवढा शब्द द्या मला."

बाबा शेजारीच उभे होते आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते विनवत नव्हते, नुसती वाट बघत होते. पाणीवाल्यापासून पंचायतीपर्यंत, त्यांना कोणी एक शब्द वाकडा बोललं की मी कशी तुटून पडते हे त्यांनी जन्मभर बघितलं होतं. आणि माझ्याकडे बोलायला खूप काही होतं. या माणसानं हिला जगात आणलंय. यांचे डोळे अजून शाबूत आहेत. काल त्यांनीच कुसळ शोधलं. हात लावायचा नाही म्हणजे काय, तुम्ही कोण सांगणाऱ्या? सगळं जिभेवर होतं. गाडीचं मागचं दार उघडंच होतं, फळीही खाली टाकलेली होती.

"बरं," मी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी आभार मानले. बाबांनी मान हलवली, भुरीचं तोंड पुसायचं फडकं खांद्यावरून काढून माझ्या हातात दिलं आणि ते घरात गेले. भुरीनं त्यांच्या मागे मान वळवली, मी तिची म्होरकी धरून ठेवली.

गाडी फाटकाबाहेर पडून वळली, तेव्हा मी ओरडले. रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं, एकेक वाक्य, एकही न गाळता. ऐकायला कोणी नव्हतं. घराचं दार बाबांनी आतून लावून घेतलं होतं.