कौलाच्या डब्यातली तिसरी तार

तैवानमधल्या शिन्चू शहराच्या बाजारगल्लीतल्या भूमिदेवाच्या देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. गर्दीत चिप कारखान्यातले इंजिनिअरही होते. कामावर यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवून ‘बाई, आज बंद पडू नकोस’ म्हणणारी ही शिकलेली मंडळी, त्यांना कुओ गुरुजींचा कौल देणारा डबा अगदी घरचा वाटला.

“कौलाचे ठोकळे हातानं टाकले की त्यात माणसाचा लोभ उतरतो,” गुरुजी सांगत होते. “म्हणून ते डब्यात बंद. एक उताणा, एक पालथा पडला तर दिवा लागतो, देव हो म्हणाला. दोन्ही सारखे पडले तर अंधार, देव नाही म्हणाला. मी कोण? नुसता घंटा वाजवणारा.”

या नुसत्या घंटा वाजवणाऱ्याने गेल्या वर्षी यी-च्यनच्या वडिलांचं इन्सुलिन बंद केलं होतं. देव नाही म्हणाला म्हणे. मंतरलेल्या राखेचं पाणी पीत ते गेले. आज रांगेत पहिली तिची आई होती. छातीत गाठ होती, आणि देवाला विचारल्याशिवाय ऑपरेशन नाही, हा तिचा हेका होता. यी-च्यन आईच्या मागे उभी होती. या माणसासाठी तिच्या मनात दयामाया उरली नव्हती.

“देवा, ऑपरेशन करू का?”

गुरुजींनी खटका ओढला. आत खडखडलं, घंटा वाजली, दिवा लागला.

गुरुजींच्या कपाळाला आठी पडली. “देव कधीकधी थट्टा करतो, मावशी. पुन्हा विचारा.”

पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही लागला. लागोपाठ तीनदा हो म्हणजे पक्का कौल, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आईने हात जोडले.

“आता माझा प्रश्न,” यी-च्यन म्हणाली. “माझ्या वडिलांना या माणसानं फसवून मारलं का?”

“तोंड सांभाळ, पोरी. आता देवच तुझं थोबाड बंद करेल.”

घंटा वाजली आणि दिवा लख्ख पेटला. गुरुजींनी घाईघाईने पुन्हा खटका ओढला, दिवा पुन्हा पेटला.

“देवानं न्याय केला,” कुणीतरी म्हणालं, आणि लोक गुरुजींच्या अंगावर धावले. यी-च्यनने इथेच थांबायला हरकत नव्हती. आई तयार झाली होती, गुरुजींचा खेळही संपला होता. पण डबा तसाच राहिला असता, आणि उद्या त्याच्यामागे दुसरा कुणी बसला असता. तिने पुढे होऊन लोकांना थोपवलं आणि डब्याचं झाकण उघडलं.

“देवानं काही केलेलं नाही, मी केलंय. तंत्रशाळेत मी हीच सर्किटं शिकवते. परवा हा डबा दुरुस्तीला माझ्याच टेबलावर आला. या दोन तारा ठोकळ्यांच्या. ठोकळे वेगळे पडले तर एक, सारखे पडले तर शून्य, हे पहिल्या वर्षाची पोरं शिकतात. ही तिसरी तार मात्र उत्तर उलटं करते. ती कुठे जाते बघा.”

तिने गुरुजींच्या पायाखालची चटई ओढली. खाली बटण होतं.

“ठोकळे कसे पडले ते यांना घंटेआडच्या बारीक दिव्यात आधीच दिसतं. हवं ते पडलं तर पाय गप्प, नको ते पडलं तर पायाच्या अंगठ्यानं बटण दाबायचं. मी शेवटी उत्तर उलटवणारं आणखी एक सर्किट बसवलं, एवढंच. यांना जे उत्तर हवं असेल, त्याच्या उलट आज दिवा सांगतोय.”

“यंत्रात बिघाड आहे,” गुरुजी पुटपुटले आणि उठू लागले. दोन इंजिनिअरांनी त्यांना खांदा दाबून खाली बसवलं. यी-च्यनला बरं वाटलं, आणि त्याची तिला लाज वाटली नाही.

“पोरी, मग तुझाच डबा राहू दे इथे,” एक आजी म्हणाली. “खरं बोलतो तो.”

“आजी, ज्याचा पाय बटणावर, त्याचंच डबा बोलतो. माझाही. चमत्कार दिसला की झाकण उघडायला सांगा. उघडत नसतील तर उठून घरी जा, आणि आजाराचं डॉक्टरला विचारा.”

आई अजून डब्यात बघत होती. “म्हणजे मघाशी मला हो म्हणाला, तो देव नव्हता?”

“नाही.”

“आणि तुझ्या बाबांना नाही म्हणाला तो?”

“तो हा होता, आई.”

आईने गुरुजींकडे पाहिलं. मग तिने जोडलेले हात सोडले.

“मग माझं मीच सांगते. ऑपरेशन करायचं. कोर्टात याच्यासमोर उभं राहायला मला जगायचंय.”